यानाची ओटी

शालू,

तू गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "कशावरून?" पलीकडे तुझी जाऊ रडत होती आणि मी तिला विचारत होते, कुठला दवाखाना, सोबत कोण होतं, डॉक्टर स्वतः म्हणाला की कंपाउंडर. तू ऐकलं असतंस तर पोट धरून हसली असतीस. "वंदीच्या दारात यम आला तरी ती त्याच्याकडं आधार कार्ड मागंल," असं तू बचत गटाच्या बायकांना माझ्या माघारी सांगायचीस. माघारी म्हणजे माझ्या कानावर पडेल इतक्या मोठ्याने.

आज नववा दिवस. शोकसभा कुणी घेतली नाही, त्यामुळे बोलायचा प्रसंग माझ्यावर आला नाही. का घेतली नाही ते पुढे येईलच. तुझा जन्म कुठला, सासर कुठलं, मागे कोण कोण, हे काही मी लिहिणार नाही. जन्मभर शाळेत मुलांच्या निबंधांवर 'मुद्द्याचे लिहावे' असा लाल शेरा मारत आले, तेव्हा मुद्द्याचंच लिहिते. तुझ्याशी एक भांडण पुरं करायचं होतं, आणि तू मधेच उठून गेलीस.

आपली मैत्री गावाला कधी पटली नाही. खरं सांगायचं तर मलाही ती पुरती कधी पटली नाही. महाड-पोलादपूर रस्त्यावरून आत वळलं की आधी तुमचं गाव लागतं, मग ओढा, ओढ्यावरचा तो अरुंद साकव, आणि साकवापलीकडे आमची बौद्धवाडी. शाळेला जाताना तू साकवाच्या तुमच्या टोकाला माझी वाट बघत उभी असायचीस. तुझ्या दारात मला तहान लागली की तुझी आई वरून माझ्या ओंजळीत पाणी घालायची. एकदा तू चिडलीस, आईच्या हातातला तांब्या हिसकावलास आणि सरळ माझ्या हातात दिलास. पाणी पिताना मी तांब्याच्या कडेवरून तुझ्या तोंडाकडे बघत होते. ही माझ्यासाठी करतेय, की आईला चिडवायला? तेव्हा आपण दहा वर्षांच्या असू. माझा स्वभाव संशयी आहे असं सगळे म्हणतात, पण तो मला आपोआप मिळालेला नाही, हे तुला तरी माहीत होतं.

तू आमच्याकडे बसून सुकट-भाकरी खाल्लीस, घरी जाऊन सांगितलंस आणि मार खाल्लास. दुसऱ्या दिवशी पाठीवरचे वळ दाखवत मला म्हणालीस, "पन सुकट बेस व्हती गो." घरी सांगायची गरज काय होती, हे मी तुला पुढे कितीदा तरी विचारलं. "खोटं बोलायला जमत नाय मला," एवढंच तुझं उत्तर. ते उत्तर मला नेहमी जरा जास्तच सोपं वाटलं.

तळ्यावरची गोष्टही राहिलीच. दर मार्चला मी महाडला चवदार तळ्यावर जाते. एका वर्षी तू हट्टाने बरोबर आलीस. गर्दी होती, निळे झेंडे होते, पुस्तकांचे स्टॉल होते. तू कठड्याला धरून बराच वेळ पाण्याकडे बघत राहिलीस आणि म्हणालीस, "एवढ्याशा पान्यासाठी?" बस, एवढंच. परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. तू दोनदा शेंगदाण्याचा पुडा पुढे केलास, मी घेतला नाही. एवढंसं म्हणालीस ते कुणाला? आमच्या माणसांच्या लढ्याला, की ते पाणी अडवून धरणाऱ्यांच्या मनाला? मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू काहीतरी उत्तर दिलं असतंस, आणि मग मला ते उत्तर तपासत बसावं लागलं असतं.

अशा आपण. आणि मग प्रज्ञा वर गेली.

माझ्या भावाची मुलगी. भाऊ मुंबईला गोदीत होता, पोरगी तिथेच वाढली, शिष्यवृत्तीवर परदेशी गेली, आणि तिथल्याच एका यानातून अंतराळात जाऊन, काही महिने वर राहून सुखरूप खाली आली. लहानपणी ती मे महिन्यात यायची, तीही आमच्या वाडीत. तुमच्या गावात तिचा पाय लागला असेल तर तो गोळेवाल्याच्या गाडीपर्यंत. पण ती खाली उतरली त्याच आठवड्यात हायवेच्या वळणावर बॅनर लागला: 'आमच्या गावच्या लेकीची गगनभरारी.' खाली एका ओळीत गावातल्या सगळ्या पुढाऱ्यांचे फोटो. त्यात प्रज्ञाचा फोटो बेताचा, आणि सगळ्यात मोठा तुझ्या लेकाचा, महेशचा.

मी रिक्षा थांबवली, खाली उतरले आणि पुन्हा वाचलं. आमच्या गावची! वाडीला नळ यावा म्हणून ग्रामपंचायतीत जितके अर्ज गेले ते सगळे माझ्या हातचे. तेव्हा आम्ही 'पलीकडचे' होतो. आता पोरगी पृथ्वीच्याच पलीकडे जाऊन आली तर लगेच 'आमची' झाली. आणि महेश सरपंचपदाला उभा राहणार हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आमच्या वाडीची मतं एकगठ्ठा पडतात हेही ठाऊक होतं. आता सांग, माझ्यासारखीने यात काळंबेरं शोधायचं नाही तर काय रांगोळी काढायची?

गावकीने अंतराळ उत्सव ठरवला. शाळेत ग्रहांची चित्रं, महाडच्या एका सरांचं भाषण, मुलांच्या स्पर्धा, इथवर सगळं बरं होतं. पण प्रज्ञाला येता येत नव्हतं. मग मिरवायचं काय? तुमच्या गावाला कौतुकाची एकच रीत माहीत: पालखीत घालायचं आणि घरोघर न्यायचं, शिमग्याला देव जातो तसं. नात्याच्या एका फॅब्रिकेटरकडून पत्र्याचं यान करून घेतलं. माणसाएवढं लांब, चंदेरी रंगाचं, मागे लाल ज्वाळा. देवळाच्या माळ्यावर पडलेली जुनी पालखी खाली काढली, झटकली, आणि यान तिच्यात आडवं निजवलं. जगात कुणी अंतराळयान पालखीत घातलं नसेल. आपल्याकडे घातलं, आणि कुणालाच त्यात काही वेगळं वाटलं नाही.

तू आवतण घेऊन आलीस तेव्हा मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. तू येऊन शेजारी बसलीस, सुपातले चार खडे काढलेस, मग बोललीस.

"वंदे, रविवारी यान तुझ्या दारात येनार हाय. भाचीचा मान हाय. आत्यानं ओटी भरायची."

"यानाची ओटी?"

"मग! गावात पन हाच घोळ चाललाय. कोंडाआजी मला विचारते, ह्यो राकेट बाप्या हाय का बाई? बाप्याची ओटी कशी भरायची? मी बोलले, आजी, आत लेक बसून गेली ना? मग माहेरवाशीन समज नि भर."

मी हसले. खूप हसले. मग हसते आहे हे लक्षात आलं आणि सावरले.

"पालखी साकवावरून मागे फिरते, शालू. आजवर कधी अलीकडे आली नाही. आणि आम्हालाही ती नको. ते सगळं आम्ही केव्हाच सोडलं."

"देव नाय येत गो. तुझी पोरगी येते."

"कुणी ठरवलं?"

"मी."

"गावकीने काय ठरवलं?"

"गावकीचं बघते मी."

"आणि महेशचं काय म्हणणं?"

तू उठलीस, लुगड्यावरचा कोंडा झटकलास. रागावली नाहीस. "तुला ताक दिलं तरी तू फुंकूनच पिनार," तू म्हणालीस. "पी बाय, फुंकून पी. पन पी."

त्या संध्याकाळी आमच्या विहारात बैठक बसली. तरुण पोरं म्हणाली, हे मतांचं राजकारण आहे, दारं लावून घेऊ. म्हाताऱ्या म्हणाल्या, आपल्या पोरीचं यान आहे, येऊ दे. निवाडा माझ्यावर आला, कारण प्रज्ञा माझी. मी म्हटलं, दारं उघडी ठेवू, पण ताट कुणी लावायचं नाही. ताट लावून बसलो आणि पालखी साकवावरून फिरली तर हसं आपलंच होणार. सगळ्यांना ते पटलं. माझा संशय वाडीत नेहमीच पटतो, कारण तो बहुतेक वेळा खरा निघालेला आहे.

रविवारी दुपारी खालूबाजाच्या ढोल-सनईचा आवाज गावातून घरोघर फिरत खाली आला. माझ्या ओट्यावरून साकव सरळ दिसतो. पालखी साकवाच्या त्या टोकाला येऊन थांबली. वाजप बंद पडलं. माणसं गोळा झाली, हातवारे चालले, कुणीतरी पालखी खाली टेकवली. मी शेजारणीला म्हटलं, "बघ, फिरली." आणि तुला सांगते शालू, ते म्हणताना मला आत कुठेतरी बरं वाटलं. माझं खरं ठरत होतं ना.

मग पालखी उचलली गेली, पण वाजप सुरू झालं नाही. दांड्याखाली बायका होत्या. पुढे तू, पदर खोचलेला, मागे तुझ्या गटातल्या बायका. पालखी एकदा इकडे कलत होती, एकदा तिकडे. पुरुष ढोल-सनई घेऊन पलीकडेच उभे. त्या वेळी माझ्या मनात काय आलं तेही ऐक. पुरुषांना आमच्या दारात यायचं नाही, म्हणून बायका पाठवल्या. उष्टी-खरकटी काढायला पाठवतात तशा.

तुम्ही दारात आलात. तुला बोलायलाही दम उरला नव्हता. तोंड लालबुंद, दांडा खांद्यात रुतलेला. तू काही म्हणायच्या आत मीच म्हटलं, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं:

"महेशला किती मतं कमी पडतायत गो?"

तू माझ्याकडे बघितलंस.

"वंदे, आधी पानी दे. मग भांड."

मी आत गेले, तांब्या भरला, बाहेर आले, आणि तो तुझ्या हातात दिला नाही. ओट्याच्या कडेला ठेवला आणि दोन पावलं मागे झाले. बघू, पितात का. तुझ्या आईने निदान माझ्या ओंजळीत तरी घातलं होतं. तू एका हाताने दांडा धरून वाकलीस, तांब्या उचललास, तोंडाला लावून घटाघटा प्यायलीस आणि मागे दिलास. तांब्या हातोहात फिरला. सगळ्यात मागे एक तरुण सून होती, तिने तो घेतला, क्षणभर धरला आणि न पिताच पुढे केला. मी तीच पाहिली. बाकीच्या सगळ्या प्यायल्या, हे मला आज लिहिताना आठवतं आहे. त्या दिवशी मला फक्त ती न पिणारी दिसली.

"ओटी नको भरू," तू म्हणालीस. "हात तरी लाव. तुझीच हाय ना?"

मी हात पदराखाली घेतले. मग "बरं," म्हणालीस आणि बायकांना पालखी फिरवायला सांगितलंस. जाताना ती आणखीच डुलत होती. गावात घरोघर त्या यानाच्या ओटीत तांदूळ पडले, नारळ पडले, खण पडले. सख्ख्या आत्याने तेवढा त्याला हात लावला नाही.

प्रज्ञाने व्हिडिओ बघून फोन केला. हसत होती. "आत्या, आमच्याकडे यानावर सह्या करतात, तुम्ही ओटी भरलीत! आपल्या दारात आलं होतं का?" मी म्हटलं, आलं होतं. "तू काय घातलंस ओटीत?" मी म्हटलं, साखर. आयुष्यात सगळ्या जगाचं खोटं पकडत आले आणि त्या पोरीशी सरळ खोटं बोलले. तिला काही संशय आलेला दिसला नाही.

नंतरचे तीन आठवडे आपण बोललो नाही. मी तुझ्यावर पाळत ठेवली, हे आता कबूल करते. तू गावातल्या गिरणीत दिसेनाशी झालीस, दळण डोक्यावर घेऊन हायवेला जाऊन पोलादपूरची गाडी धरायचीस. मला वाटलं, माझं तोंड चुकवतेस. पहाटे दुधाची किटली घेऊन रस्त्यावर उभी दिसलीस, तेव्हा वाटलं महेशचा प्रचार सुरू झाला, पाव्हण्यांना चहा लागत असेल. देवळासमोर बायका पापड लाटायला बसल्या होत्या आणि त्यात तू नव्हतीस. तेव्हा म्हटलं, आता हिला गट लहान वाटायला लागला. एकेक गोष्ट मी माझ्या मनासारखी लावून घेतली. इतकी चोख लावली की शाळेत एखाद्या मुलाने असं गणित सोडवलं असतं तर मी त्याला पैकीच्या पैकी दिले असते.

मग तो फोन. छातीत कळ आली, महाडला नेईपर्यंत उशीर झाला, एवढंच तुझी जाऊ सांगू शकली.

मी साकव ओलांडून तुझ्या घरी आले आणि अंगणात पाऊल टाकताच माझा तोच जुना स्वभाव जागा झाला. इथे काहीतरी चुकत होतं. आपल्याकडे मयताला घरटी एक लाकूड येतं. कुणाला सांगावं लागत नाही, बातमी कळली की माणूस लाकूड खांद्यावर टाकूनच घराबाहेर पडतो. तुझ्या अंगणात तुझ्या दिराने आणलेली चार लाकडं होती. बस. समोरच्या घरांची दारं अर्धी लोटलेली, फटींतून डोळे. इतक्या वर्षांत त्या गावातल्या किती बाळंतपणांना तू गेली असशील, किती मयतांना भाकऱ्या करून नेल्या असशील.

"लोकं कुठे आहेत?" मी तुझ्या जावेला विचारलं.

तिने मला मागच्या पडवीत नेलं. "तुमाला म्हायत नाय?" ती म्हणाली. "पालखी बायकांनी उचलली, नि ती साकवापार नेली. दुसऱ्याच दिशी बैठक बसली देवळात. वैनीला बोलले, माफी माग, दंडाचा नारळ ठेव. वैनी बोलली, माफी कसली? पोरीला तिच्या घरी नेऊन आनली."

वाळीत हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. आता कायदा आहे, शब्द उच्चारला तर पोलीस येतात. नुसता गिरणीचा पट्टा तुटला, तो फक्त तुझ्यापुरता. दूधवाल्याचं दूध तुझ्या दाराशी येईपर्यंत संपायला लागलं. महेशच्या मुलीच्या वाढदिवसाला अख्ख्या गावात कुणाला सवड झाली नाही. आणि मी साकवाच्या अलीकडे बसून तुझ्या किटलीवर संशय घेत होते. माझ्याइतकी चाणाक्ष बाई पंचक्रोशीत नाही, शालू. सगळं दिसतं मला. फक्त जे असतं ते दिसत नाही.

मी तिथून उठले आणि वाडीत आले. काही भाषण केलं नाही. म्हटलं, शालूच्या घरी लाकूड नाही. उत्सवाला दारं लावा म्हणणारी जी पोरं होती त्यांनीच आधी पावसाळ्यासाठी रचून ठेवलेली फणसाची, आंब्याची लाकडं ओढून काढली. घरटी एक. मीही माझ्या पडवीतलं एक घेतलं, पेलवेना, तरी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आम्ही साकवावरून तुमच्या गावातून, त्या अर्ध्या दारांसमोरून, रांगेने गेलो. कुणी अडवलं नाही. तुझ्या अंगणात लाकडं ठेवत असताना मागे वळून पाहिलं तर ती सून येत होती. न पिणारी. भर दुपारी, डोक्यावर लाकूड, सासऱ्याच्या ओट्यासमोरून. तिच्यामागे गटातल्या आणखी काही जणी. त्या दिवशी तिने पाणी का घेतलं नव्हतं, हे मी तिला विचारलं नाही. अजूनही मला ते माहीत नाही. माहीत करून घ्यायचं नाही असं जन्मात पहिल्यांदाच ठरवलं.

महेश म्हणाला, "मावशी, तुमची लाकडं वर लावू का खाली?" मी म्हटलं, "लाकडं आहेत, लाव कुठेही." तो रडायला लागला. मी त्याला जवळ घेतलं. आणि ऐक, त्याही वेळी, तुझ्या लेकाच्या पाठीवरून हात फिरवत असताना, माझ्या मनात काय चाललं होतं? की शालूचा अंदाज चुकला. वाडीची मतं मिळवायला गेली आणि गावाची गमावून बसली. तू समोर निजलेली होतीस, नाकात कापूस, कपाळाला कुंकू नाही, आणि मी तुझ्यावर हा आरोप करत होते. तू होतीस तेव्हा निदान उलट उत्तर तरी द्यायचीस.

मला तुझे आभार मानायचे आहेत, पण ते कुठून सुरू करावेत कळत नाही. साध्या गोष्टी आठवतात. माझी बदली घाटापलीकडे झाली तेव्हा माझ्या आईला रोज संध्याकाळी बघायला कोण यायचं? तूच. ती गेली तेव्हा रात्रभर तिच्या पायाशी कोण बसलं होतं? तेव्हा ना महेश उभा होता, ना कुणाची निवडणूक होती. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही दर वेळी मी तुला पहिल्यापासून परीक्षेला बसवलं, आणि तू दर वेळी बसलीस. कंटाळली कशी नाहीस गो? मी असते तर केव्हाच पेपर फाडून उठले असते.

काल उमेदवारीचे फॉर्म भरायची मुदत संपली. दुपारी मी तुझ्या घरी गेले. महेश ओट्यावर एकटा बसला होता, डोकं भादरलेलं, हातात मोबाइल, पण बघत नव्हता. मी त्याच्या शेजारी बसले. विचारायचं नाही असं साकवावर ठरवून आले होते. तरी विचारलंच.

"फॉर्म नाही भरलास? सुतक म्हणून?"

"नाय मावशी. ते आधीच ठरलेलं. आई तुमच्याकडं आवतन घेऊन आली ना, त्याच्या आदल्या दिशी." तो मोबाइल उलटा-सुलटा करत राहिला. "आई बोलली, तू उभा राहनार असशील तर मी त्या साकवावर पाय ठेवनार नाय. माझं तोंडच उरनार नाय वंदीसमोर. दोनातलं एक काय ते आता सांग. मी लई भांडलो तिच्याशी. दोन दिस जेवलो नाय. मग बोललो, बरं, नाय राहत. बॅनर तेवढा आधीच लागलेला, तो उतरवायचा राहिला."

"मग मला का सांगितलं नाही तिने? मी दारात तसं बोलले, चारचौघींत. तेव्हा तरी सांगायचं."

"मी पन तेच बोललो. मावशीला सांगून टाक, मोकळी हो. तर एकदा निघाली पन व्हती. साकवापर्यंत गेली नि मागं आली. बोलली, काय उपेग? वंदीला वाटंल, ह्यो पन डावच हाय."

महेशच्या बायकोने चहा आणला. मी प्यायले. उठले, घरी आले.

शालू, कालपासून मी एकच गोष्ट मनात घोळवते आहे. तू तो साकव ओलांडून आली असतीस, माझ्या ओट्यावर बसून सुपातले खडे काढत हे सगळं मला सांगितलं असतंस, तर मी काय म्हटलं असतं? खूप विचार केला. माझ्या बाजूने काही निघतं का ते पाहिलं.

मला तोही डावच वाटला असता.